पिसाची दुरुस्ती

बुधवारी दुकानाची फळी लावत होते, तेवढ्यात मिर्को आला,
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली आजोबांची टोपी.
"उद्या दहाला चर्चमध्ये. पेटीवर ठेवायचीय.
पीस तेवढं बदलून द्या, नीवेस काकू,
मोडलंय, आणि लोक येणार आहेत."

लोक येणार, हे खरं.
ताग्लियामेंतोच्या दोन्ही काठांवरून येतील,
गुडघ्यांना शिव्या घालत, आपापल्या टोप्या घालून.
डोंगरी पलटणीतला माणूस गेला
असं आमच्याकडे म्हणत नाहीत.
पुढे गेला, म्हणतात.
एकच शब्द जास्त,
पण तेवढ्यानं वाट संपायची राहते.

टोपी दिव्याखाली धरली.
सशाच्या केसांचा नमदा, कपाळाच्या घामानं काळवंडलेला,
आत तंबाखूचा वास, आणि त्याच्याही आत
खेचराचा (की मला तसं वाटलं).
समोर काळ्या दोऱ्यातला गरुड,
त्याच्याखाली रणशिंग, बंदुकांची फुली,
मधल्या गोलात आठचा आकडा.
गरुडाचा एक पंजा उसवलेला.
डाव्या अंगाला गोंडा, अक्रोडाएवढा,
उन्हाकडून वाळल्या गवतासारखा,
टोपीकडून अजून हिरवागार.

गोंड्यामागून पीस ओढलं
आणि डोळ्यांआधी बोटांना कळलं.
डोमकावळ्याची पिसं मी चाळीस वर्षं लावतेय:
सरळ, ताठ, उजेडात निळी मारणारी.
हे वाकडं होतं. मऊ. कडेला तपकिरी.

मोठ्या साहेबांना हंसाचं पांढरं,
धाकट्या साहेबांना गरुडाचं,
शिपायाला डोमकावळ्याचं.
कोंबडीचं कुणालाच नाही.

मी आठ वर्षांची होते.
ओनोरिनो रशियाहून परतला, शेहेचाळीसच्या शेवटी,
टोपी होती, पीस नव्हतं.
कुठं गेलं, कुणी विचारलं नाही.
त्याच्यासोबत गेलेले चौदा जण कुठं गेले,
तेही विचारायचं राहिलं होतं.
वसंतात चौकात पहिला मेळावा ठरला,
त्या पहाटे पाल्मिरा, त्याची आई,
परसात एका काळ्या कोंबडीमागे धावत होती.
घरातली ती एकच. अंडी देणारी.
कुंपणाच्या अलीकडून मी पोट धरधरून हसले.
कोंबडी ओरडत होती, पाल्मिरा तिला सॉरी म्हणत होती.

मग पन्नास वर्षं, दर मे महिन्यात,
ते पीस रांगेतून चाललं.
बेर्गामोत, त्रेंतोत, एकदा पार नेपल्सला,
बँडच्या मागे, हजारो काळ्या पिसांत.
मला वाटायचं, मला एकटीला माहीत आहे.
आज ते हातात धरलं आणि लक्षात आलं:
डाव्या उजव्या हाताला चालणारे
सगळे शिकारी, मेंढपाळ, लाकूडतोडे.
त्यांना कोंबडी ओळखता येत नाही?

मिर्को काउंटरवर बोटं वाजवत होता.
खणातून नवं पीस काढलं, झकास, डोमकावळ्याचं.
त्याला दाखवलं. परत खणात ठेवलं.

मग जुन्या पिसाच्या नळीत बारीक सुई सरकवली,
मोडलं होतं तिथे मेणाचा दोरा सात वेळा गुंडाळला.
"काकू, हे तर… लोक ओळखतील."
"ओळखतात," मी म्हटलं.
त्याला समजलं नाही. खुर्चीत बसून राहिला,
चपला काढून, लहानपणी बसायचा तसा.

गरुडाचा पंजा शिवला.
पीस होतं त्याच कोनात, किंचित मागे झुकवून.
गोंडा बसवताना फक्त
हिरवी बाजू बाहेर घेतली.

तेवढ्याचे पैसे घेतले.