दुल्युस्तान, निघण्याआधी

आधी काड्यापेट्या. एक नाही, तीन.
एक कोटात, एक टपावरच्या डब्यात,
आणि एक अशा जागी, जी तू विसरून जाशील.
अडीनडीला नेमकी विसरलेलीच हाताला लागते.

नव्या बुटांची ऐट याकुत्स्कच्या बाजारात मिरवून घे.
नदीवर उतरताना हे रेनडिअरच्या कातड्याचे घाल,
एक माप मोठे, आत वाळलेलं गवत.
घट्ट बूट म्हणजे बोटांशी वैर.
प्रोकोपीमामाला विचार, त्याची सातच उरलीत,
आणि मोजायची वेळ आली की तो हाताचीच दाखवतो.

लोखंडाला उघड्या हाताने शिवू नकोस.
पान्यांना चिंध्या गुंडाळल्यात मी.
निळ्या चौकड्या ओळखशील;
तुझ्या बापाचा तो सदरा आता कुणाला होणार होता?

डिझेल लागेल त्याच्या दुप्पट घे,
वर एक कॅन.
तो वरचा तुझा नाही.
वाटेत जो कोणी अडकला असेल त्याचा.
त्याने हात दाखवो न दाखवो, थांबायचं.
यावुलोव्हांचा पोरगा असला तरी थांबायचं.
उणे पन्नासात भांडण नसतं कुणाशी,
ते बर्फ वितळेपर्यंत पुढे ढकलायचं.

दूध पातेल्यात गोठवून त्याच्या चकत्या काढल्यात,
गोणीत ताटल्यांसारख्या वाजतील.
हवं तेवढं कुऱ्हाडीने फोडून घे.
मासा तसाच कच्चा, चाकूने तासून, मिठाला लावून.
आणि ही लोण्यातली धिरडी. पहिलं तुझं नाही.
खिंडीच्या तोंडाशी उतर, विस्तव कर, त्यात टाक,
जमलं तर दोन शब्द बोल.
हसू नकोस.
तू यंत्रांचं शिक्षण घेतलंस, ठाऊक आहे मला.
यंत्राला वंगण लागतं, रस्त्याला धिरडं लागतं, झालं.

बर्फावर पट्टा सोडायचा, दार किलकिलं ठेवायचं,
शहरात शिकवतात त्याच्या अगदी उलट.
खालून कडकड आवाज आला तर घाबरू नकोस,
जाड बर्फ बोलका असतो.
मुका लागला की उतर आणि काठीने ठोकून बघ.

पंप मधल्या फळीवर बांधलाय, दोन दोरांनी.
तो हलता कामा नये.
किरास-एबेच्या शाळेत सोळा पोरं
हातमोज्यांत पेन्सिल धरून बेरजा करतायत,
आणि सार्दाना बाई रोज फोनवर तोच प्रश्न विचारते.

आणि इंजिन.
बंद करायचं नाही.
जेवताना नाही, झोपताना नाही,
प्रेमात पडलास तरी नाही.

मी केलं होतं एकदा.
अल्दानच्या वळणाशी, पहाटे, एकटी असताना.
काही बिघडलं नव्हतं. किल्ली फिरवली, एवढंच.
घड्याळ समोर धरून चार मिनिटं.
तिथे श्वास सोडला की तो हवेतच गोठतो
आणि झडताना त्याचा आवाज येतो,
बारीक, कुणी लांबवर धान्य पाखडावं तसा.
तेवीस वर्षं त्या रस्त्यावर होते मी, दुल्युस्तान,
आणि माझाच श्वास मला कधी ऐकू आला नव्हता,
सगळा त्या घरघरीत गेला.

मग किल्ली फिरवली. धरेना.
पुन्हा फिरवली. धरेना.
तिसऱ्यांदा काय म्हणाले ते सांगणार नाही.
लागलं.
घरी आल्यावर म्हटलं, वाटेत चहा प्यायला थांबले होते.

म्हणून सांगते, करू नकोस.
केलंसच
तर चार म्हणजे चारच.

डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू पिकू दे, मग बघू.
पिकू दे म्हणे, जसं काही फळच आहे.
असो. ऊन पडायच्या आत अर्धी नदी मागे पडली पाहिजे तुझी.

फावडं सीटखाली आहे.
दांडा कापून आखूड केलाय,
माझ्या उंचीचा.
तुला वाकावं लागेल.