टँकर

मानेवाड्यात आमच्या लेआउटच्या ग्रुपवर
दोनशे चौदा माणसं.
मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
आणि पहाटे पाचपासून गुलाबाची फुलं.

पाच चाळीसला निमजेंनी लिहिलं: टँकर निघाला.
त्याखाली तेवीस अंगठे,
कुठल्याशा धरणाचा जुना व्हिडिओ, फुटलेल्या,
मग ‘हे खरं आहे का?’
मग खरं नाही हे सांगणारे सात जण,
मग त्या सातांवर रुसून
सहारे ग्रुप सोडून गेले.
समोरच्याच दारातून
त्यांच्या कुकरची शिटी ऐकू येत होती.

मी वर सरकवत राहिले,
टँकर शोधत.

खाली बांते काकू.
बटणांचा साधा फोन, तोही बहुधा फ्रीजवर राहिलेला.
दोन गुंड भरून
तिसरा पाइपाखाली लावत होत्या.
त्यांनी हॉर्न ऐकला होता.

‘अवो पल्लवीबाई, पानी संपून रायलं ना!’
कूलरच्या घरघरीतून
चार मजले चढून आला आवाज,
थोडा धापा टाकत.

उत्तर द्यायला
माझा अंगठा
आधी काचेवरच गेला.