जिन्यातला दिवा

साडेसहाला गजर. गुडघे टेकून प्रार्थना,
मग इस्त्री. कॉलर आधी, बाह्या नंतर;
हे मला आईने नाही, एल्डर वायबर्नने शिकवलं,
कॅनडातल्या गव्हाच्या शेतावरच्या मुलाने.
खिडकीबाहेर फिनलंडचं कायानी गाव.
रात्र. नाश्ता झाला तरी रात्रच.

छातीवर काळी पट्टी: व्हानहिन तौसिंगा.
व्हानहिन म्हणजे वडीलधारा.
मी एकोणीस वर्षांचा आहे.
टोंगात, आमच्या वावाऊ बेटावर, अजून कुणी मला
डुकराच्या वाटणीतला पहिला तुकडा देत नाही.

सकाळभर भाषा. पंधरा विभक्त्या.
घरात, घरातून, घरावर, घरापाशी,
आणि एक अशी: घराविना.
नसण्यासाठी यांनी आख्खी विभक्ती राखून ठेवली आहे.
ती मला पहिल्याच आठवड्यात पाठ झाली.

नियम असा, की सोबती नजरेआड होऊ द्यायचा नाही.
रस्त्यात, बसमध्ये, दुकानात तांदळाची पिशवी घेताना.
न्हाणीघर तेवढा अपवाद.
तिथे वायबर्न नळ मोठा सोडतो.
मी भिंतीअलीकडे टूना घालून भात परततो
आणि उलथनं कढईवर जरा जोरात आपटतो,
म्हणजे मला काही ऐकू येत नाहीये
हे त्याला ऐकू जावं.

दुपारी अडीचला उजेड आवरतो. मग जिने.
प्रत्येक दारावर आडनाव, आडनावाखाली पत्रांची फट.
बटण दाबलं की जिन्यात दिवा लागतो
आणि ठरल्या वेळी आपला आपण विझतो.
इथे कुणी रागावत नाही.
"नको, धन्यवाद," म्हणतात, आणि दार इतकं हळू लावतात
की अपमान नेमका कुठे ठेवावा कळत नाही.
माझं वाक्य पाठ आहे, पण त्यात
इयांकाइक्किनेन हा शब्द येतो. शाश्वत, अनंत.
त्यातल्या क्क-ला मी अडखळतो
आणि तेवढ्यात दिवा जातो.
काळोखात दोन कोट, दोन पांढऱ्या कॉलरी,
कुणाच्या तरी माशाच्या सूपचा वास.

चौथ्या मजल्यावर आउने हेइस्कानेन.
तिने पट्टी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.
"तू वडीलधारा? मी शहाऐंशीची आहे."
आणि हसली. सात आठवड्यांतलं पहिलं हसू
जे माझ्या उच्चारांवर नव्हतं.
"देवाचं मला लागतं तेवढं ठाऊक आहे.
गालिचा उचलाल का?"

चार मजले खाली, अंगणात.
उणे अठरा. पिठासारखा कोरडा बर्फ.
त्यावर गालिचा पालथा घालायचा आणि बदडायचा.
वायबर्न आधी बिचकत, मग दातओठ खाऊन.
मी टाय खांद्यावरून मागे टाकला.
आमच्याकडे बायका झाडाची साल अशीच बडवून
कापड करतात. ठोके पार बंदरापर्यंत पोचतात.
वायबर्नला म्हटलं, ताल धर. त्याला जमेना.
गालिचा उचलला तेव्हा बर्फावर
एक काळपट चौकोन उरला.
"दोन वर्षं झाडला नव्हता," आउने म्हणाली,
"पेंटीच्या बुटांची माती होती त्यात."
मला वाटलं, परत घालावी की काय.

तिने कॉफी ओतली. आम्ही पीत नाही, सांगितलं.
याचं तिला जेवढं वाईट वाटलं
तेवढं तिच्या दारावर कशाचंच वाटलं नव्हतं.
मग गरम पाण्यात काळ्या आंबट बेरींचा रस.
पुस्तिका पिशवीतच राहिली. कुणाला आठवली नाही,
की आठवली, आणि आम्ही दोघेही गप्प राहिलो.

सोमवारी धुणं, आणि घरी फोन.
इथे सकाळचे नऊ, तिकडे रात्रीचे आठ.
आईच्या मागे भावंडं डोकी घुसवत होती.
"किती जणांचा बाप्तिस्मा झाला?"
"एक गालिचा," मी म्हणालो.
लाइन खराब आहे असं वाटून तिने पुन्हा विचारलं.
मी पुन्हा तेच सांगितलं.
मग ती म्हणाली, जाड मोजे घालतोस ना.

मंगळवारी दुसरा जिना. दुसरा मजला.
त्याच शब्दाला दिवा गेला.
मी बटण शोधलं नाही. अंधारातच
शब्द शेवटपर्यंत म्हणून टाकला, वेडावाकडा.
पत्रांच्या फटीतून, गुडघ्याइतक्या उंचीवरून
एक बारीक आवाज आला,
त्याने तो दुरुस्त करून परत म्हटला.
मी म्हटला. त्याने पुन्हा म्हटला, हळू,
मास्तरांसारखा.
वायबर्नने बटण दाबलं.
दार बंदच होतं.