पान एकशे बारा

ऐरोलीत, सेक्टर आठमध्ये, दुसऱ्या मजल्यावर
आमची शाळा जेवणाच्या टेबलावर भरते.
पट दोनच: दबोरा, वय बारा; अमोस, वय सात.
घंटा म्हणजे कुकरची शिट्टी.
बाई मी, शिपाई मी,
आणि ग्रंथपालही मीच.

हे शेवटचं काम सगळ्यांत जड.
शनिवारी रबाळ्याला मन्सूरभाईंच्या रद्दीत जाते,
चाळीस रुपये किलो,
ढिगापाशी फतकल मारून बसते
आणि तांदूळ निवडावेत तशी पुस्तकं निवडते.
खडा लागलाच तर दात माझा पडो,
म्हणून आधी मी वाचते,
ओट्याच्या दिव्याखाली,
रूफस सेकंड शिफ्ट करून घरी येईस्तोवर.

भिंतीतल्या कपाटाला तीन कप्पे.
खालचा: हो. वरचा: नाही.
मधला: थांबा.
मधला इतका भरलाय की दार लागत नाही.

मंडळीतल्या करुणाबाईंनी दिलेली पुस्तकं खालच्या कप्प्यात.
त्यांतली मुलं कधी खोटं बोलत नाहीत,
बोललीच, तर पान उलटायच्या आत क्षमा मागतात.
अमोसने एकदा विचारलं,
यांना भूक नाही का गं लागत?
मी म्हटलं, पाढे म्हण.
त्या पुस्तकांत मलाही झोप येते,
हे मी प्रार्थनेतसुद्धा अजून कबूल केलेलं नाही.

शुक्रवारी सिनेमा.
रिमोट रूफसच्या हातात,
अंगठा पुढे पळवायच्या बटणावर, पहारेकऱ्यासारखा.
नवरा-बायको भांडली, पळव.
दारूचा गुत्ता आला, पळव.
एकदा तर एक अख्खा बाप पळवला.
शेवटी तो दारात उभा राहून हात जोडतो
आणि आमची दोन्ही पोरं विचारतात,
हा कोण?

मग ते पुस्तक आलं.
कव्हर नाही, पहिली चार पानं नाहीत, नावसुद्धा नाही.
कुठल्याशा बंदरावरच्या हिशेबनिसाची गोष्ट.
माणूस इतका खरा
की वाचता वाचता माझं दूध उतू गेलं.
पण पान एकशे बारावर तो सख्ख्या भावाला फसवतो.
नुसता फसवत नाही, त्याची गोडी लागते त्याला,
आणि लिहिणाऱ्याने ती गोडी अशी लिहिलीय
की माझ्याही जिभेवर आली.
मी कॅलेंडरचा एप्रिल कापला,
खळ लावून पानावर डकवला,
आणि पुस्तक खालच्या कप्प्यात ठेवलं.

मंगळवारी दबोरा खिडकीत.
खाडीवरून येणाऱ्या उन्हासमोर पान धरलेलं.
एकशे अकराची उलटी अक्षरं मध्ये मध्ये येत होती,
तरी शुभ शुक्रवारच्या लाल चौकटीतून
ती एकेक शब्द काढत होती.
मी ओरडणार, तेवढ्यात म्हणाली,
"आई, तो एकशे चाळीसवर भावाच्या पायाशी रडतो ना,
मला वाटलेलं, उगाच रडतोय.
नाटकी वाटला होता मला."

मी आत गेले. डाळीला फोडणी दिली.
लसूण जळला.

रात्री पान किटलीच्या वाफेवर धरलं.
एप्रिल सुटला,
पण जाताना थोडी अक्षरं घेऊन गेला,
'भाऊ'मधला भा,
एक क्रियापद,
खालची दीड ओळ.
दबोरा पेन्सिल घेऊन शेजारी बसली.
तुला आठवतंय का, म्हणाली.
सगळं आठवत होतं. भीती तीच होती.
मी सांगत गेले, ती लिहीत गेली.
गोडीचा शब्द आला तिथे मी थांबले.
तिने वर पाहिलं.
मी सांगितला.

अमोससाठी ते मधल्या कप्प्यात ठेवलंय.
काल मोजून पाहिलं,
टाचा उचलल्या तरी
त्याचा हात अजून चार बोटं कमी पडतो.