जळगाव, मे, छप्पन्न बिट

साहेबांनी बैठकीत सांगितलं होतं:
या कुलपाच्या किल्ल्या इतक्या,
की एकेक लावून पाहायची तर
गिरणा आटेल आधी.
इतिवृत्तात तसंच उतरलं, सहीसकट.
(साहेब बाहेरगावचे. गिरणा इथे दर उन्हाळ्यात आटते.)

भिरूड मॅडम काही बोलल्या नाहीत.
एमआयडीसीत केळीच्या वेफर्सचा बंद कारखाना
भाड्यानं घेतला, भिंतींना अजून तेलाचा वास.
मुनाफ पिंजारीनं डाख दिले.
सोळाशे चिपा, एकेक चिप हट्टी पोरासारखी:
ही नाही,
ही नाही,
ही पण नाही.

बाहेर सेहेचाळीस.
कूलरमध्ये बादलीनं पाणी घालणं,
माझं काम तेवढंच.
लाइट जायच्या आत मुनाफ
शेवटचा आकडा वहीत टिपून ठेवायचा,
किराणा उधारीच्या खाली.

सहाव्या रात्री, पावणेचारला,
सगळ्या चिपा गप्प.
पडद्यावर मॅडमनी कुणाला न सांगता
बंद करून ठेवलेलं वाक्य, अहिराणीत:
माय, मी जेवनू, तू जेव.
मुनाफ हसला.
मग हसायचा थांबला.
याच कुलपात त्याच्या बायकोचे
तपासणीचे कागद होते,
जिल्ह्यातल्या सगळ्यांचेच.

ऑगस्टात परिपत्रक आलं, साडेतीन ओळींचं:
जुनी किल्ली यापुढे वापरू नये.
त्याच टपालात दुसरं पत्र, मॅडमच्या नावे:
कुलूप कोणाच्या परवानगीनं उघडलं,
सात दिवसांत खुलासा करावा.

मॅडमनी दोन्ही एकाच टाचणीत लावली.
कूलर मी घरी आणला.