तिडकेच्या वावरात

लाइटबिलावर समृद्धी नगर,
पण ऑटोवाल्याला सांगायचं ते तिडकेचं वावर.
कधीचीच गेली तूर, तिडकेही गेला,
आम्ही सगळे अजून त्याच्या वावरातच राहतो.

एकतीस वर्षं अपडाऊन केलं मी,
त्यातली चोवीस या गल्लीतून.
भोयरांच्या कुकरची तिसरी शिट्टी म्हणजे चपला घालायच्या,
आठ चाळीसची बोरखेडी गाडी, डाव्या हाताची खिडकी,
मांडीवर डबा.
परतायचो तेव्हा टीव्हीचा निळा उजेड
सगळ्या खिडक्यांतून एकदमच हलायचा.
मधलं कधी पाहिलं नाही.

बोरखेडीत विचारा, मी सांगेन
कोणाची म्हैस आटली, कोणत्या पोट्ट्याला
सातचा पाढा येत नाही अन् काऊन येत नाही.
इथला मून मला फक्त हेल्मेटवरून ठाऊक.
उईके सिस्टर म्हणजे एक पांढरी स्कूटी, वळणावर हॉर्न देणारी.

एकतीस जानेवारीला शाल मिळाली, नारळ मिळाला.
एक फेब्रुवारीला, बायको पीएचसीत गेल्यावर,
बनियान-लुंगीवर सहज बाहेर आलो अकराच्या सुमाराला
आणि मागे लॅच लागलं.
किल्ली माझ्याकडे कधी नव्हतीच.
मी यायचो तेव्हा दार नेहमी उघडं असायचं.

मग गल्ली पाहिली.
दुसरं काय करणार होतो.
प्रत्येक फाटकाच्या आत गाडीच्या तेलाचा एक काळा डाग,
डागापुढे कुलूप.
रस्त्याच्या मधोमध कुत्रं झोपलेलं,
सातबारा त्याच्याच नावावर असल्यासारखं.
भोयरांच्या गच्चीवर चार गाऊन अन् एक खाकी पँट,
वाऱ्यानं एकमेकांशी बोलत होते.
कुठल्या तरी बंद घरात मोबाइल वाजला,
थांबला,
परत वाजला.

"कोनाकडे आले भाऊ? सगळे ड्युटीवर गेले नं."

पंचफुलाबाई. हातात सुतळी,
सुतळीत सात घरांच्या किल्ल्या.
कुलपं लागली की तिचं काम सुरू होतं,
हे मला त्या दिवशी कळलं.
मी माझ्या दाराकडे बोट केलं.
"हे? हे तं मॅडमचं घर हाये."
मॅडमचाच नवरा, म्हटलं.
तिनं लुंगीपासून वर पाहत नेलं, चेहऱ्यावर थांबली.
"अगं माय! बोरखेडी गाडीचे मास्तर नं तुम्ही?
चिंचेखाली गाडी पलटे, तुम्ही उतरा अन् मी चढो,
त्याच खिडकीत बसो.
म्हनूनच आज सीट थंडी लागली."

सुतळीतून न पाहता किल्ली काढली तिनं.
माझं दार उघडलं.
"बसा," म्हणाली,
अन् मी बसलो, ओट्यावर, गुडघे जवळ घेऊन,
पाहुण्यानं बसावं तसा.
माझ्याच घरातून तिनं माझ्यासाठी पाणी आणलं,
स्टीलचा तो ग्लास मी याआधी पाहिला नव्हता.

भांडी घासता घासता आतून सांगत होती:
मूनच्या आईला आता दिसत नाही, दिवसभर रेडिओ.
सिस्टरची पोरगी शाळेतून येते, कोणाशी बोलत नाही,
खिडकीत पुस्तक धरून पान पलटवत नाही.
कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर आहे ना,
तिथं विहीर होती.
"म्या सोंगली हाये इथं तूर. तुमच्या न्हानीपासून थेट तिकडं,
मूनच्या तुळशीपावतर."

पाचला ती गेली. सुतळीचा आवाज वळणापर्यंत आला.
मग एकेक डाग झाकला जाऊ लागला.
मूनने फाटकाशी हेल्मेट काढलं,
टक्कल होतं त्याला,
"काय सर, आज सुट्टी का?"
मी काही तरी म्हणालो असेन.
तो आत गेल्यावर थोडा वेळ ऐकत उभा राहिलो.
त्याच्या घरात रेडिओ होता खरंच,
बारीक आवाजात,
बाजारभाव सांगत होता.