मागचं एकच चाक

रेजायनाच्या एका दातांच्या डॉक्टरकडून घेतली ही.
लाल, बिनछपराची,
पुढे दोन चाकं फाकलेली, मागे एकच.
त्याने ती उणीपुरी तेरा वेळा चालवलेली.
किल्ली देताना म्हणाला, "बायकोला वारा लागतो."

मूस जॉमध्ये नोव्हेंबर ते मार्च
रस्ता हा रस्ता नसतोच.
पाच महिने ती गॅरेजात, ठोकळ्यांवर.
"तीन चाकांना चार ठोकळे कशाला?" लॉर्नने विचारलं.
चौथा माझ्या बुडाखाली होता.

एकतीस वर्षं शाळेच्या पिवळ्या बस दुरुस्त केल्या मी.
उणे तीसला डिझेलचं लोणी व्हायचं
आणि पोरं फाट्याफाट्यावर थांबलेली.
कुठल्याच बसला कधी विचारलं नाही,
तुला आणखी जोरात पळायचंय का.
हिला विचारलं.

आधी सायलेन्सर काढला. मूळचा फार बुजरा,
तोंड मिटून जेवणाऱ्या पाहुण्यासारखा.
नवा लावून इंजिन सुरू केलं त्या दिवसापासून
शेजारच्या हॅल्डॉर्सनचा कुत्रा
आमच्या कुंपणावर पाय वर करत नाही.

मग स्प्रिंगा. मग हवा ओढणारी नळी, माझ्या दंडाएवढी.
मग तिच्या संगणकाला सांगितलं,
पेट्रोल जरा सढळ हाताने वाढ.
मग पट्टा.
इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा दातेरी पट्टा,
त्याचा ताण बोटाने दाबून बघायचा.
पुस्तकात आकडा आहे,
पण बोटाला आधी कळतं.
सैल सोडला तर दात चुकवतो,
आवळला तर बेअरिंग रडतं.
यावर लॉर्न काहीतरी बोललाच असता,
पण तो दारात उभा राहून बीटचं सूप पीत होता.

त्याचं एकच पालुपद: मी त्यात बसणार नाही.
गुडघा. आणि सीट जमिनीपासून वीतभर.
"आत जाईन गं, बाहेर कोण काढेल? क्रेन?"

एकोणीस एप्रिलला बर्फ गेला.
त्यावर टाकलेली वाळू मात्र राहिली,
आणि हे नेमकं मला,
दर वसंतात ड्रायव्हरांना तेच बजावणाऱ्या मला,
आठवलं नाही.
धान्याच्या कोठाराजवळ, वळणावर, पाय जड झाला.
पुढची दोन चाकं माझ्या मताची होती.
मागचं नव्हतं.

आकाश, कोठार, तारेचं कुंपण,
आकाश, कोठार—

मग काहीच नाही. घराकडे तोंड करून मी उभी,
माझ्याच चाकांच्या गोल खुणा बघत.
एक गोफर बिळातून कमरेपर्यंत वर आला होता,
तोंडी परीक्षेच्या मास्तरसारखा.

तिपाई कधी डुगडुगत नाही, हे खरं.
पण तिपाई कोपऱ्यात असते, वळणावर नसते.
सगळं बळ मी त्या एकट्याला दिलं
आणि तू जमीन कशाने धरशील
एवढं विचारायचं राहिलं.

घरी आल्यावर म्हटलं, मागे वजन हवं.
वाळूची पोती टाकते, हिवाळ्यात पिकअपमध्ये टाकतो तशी.
"किती?"
नव्वद किलो तरी.
त्याने वाडगं विसळलं. पालथं घातलं.
हात पुसले, प्रत्येक बोट वेगळं.
"सीट किती वर येईल?"

रात्री अॅल्युमिनियमचे ठोकळे कापले, चार बोटं उंचीचे.
कडेला एक दांडी बसवली, भंगारातल्या बसची, पिवळी,
किती मुठींनी झिजवलेली कोण जाणे.
आत बसायला त्याला चार मिनिटं लागली,
शिव्या धरून सहा.

मागची स्प्रिंग बोटभर दबली.
मी खाली वाकून पट्टा चाचपला.
ताण बदलला होता.
पाना शोधत होते तेवढ्यात वरून आवाज,
"आता उतरू?"
नको, म्हटलं, बसून राहा.
तू असतानाचाच ताण लावायचाय.